इंग्लंडमधील घटस्फोट आणि धंद्याची वाटणी : कोणत्या क्रमाने पावले टाकावीत

इंग्लंडच्या कायद्यात घटस्फोटानंतरच्या वाटणीचे कोष्टक नाही. ‘अर्धे तुझे, अर्धे माझे’ हा लोकांच्या तोंडी बसलेला नियम कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. १९७३ च्या मॅट्रिमोनियल कॉजेस ॲक्टच्या पंचविसाव्या कलमात न्यायाधीशाने काय काय पाहावे याची यादी आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे हित सर्वांत आधी, आणि मग दोघांचे उत्पन्न व मालमत्ता, गरजा, राहणीमान, वय, संसाराचा काळ, आजारपण व अपंगत्व, संसाराला प्रत्येकाने लावलेला हातभार. यांतल्या कशाला किती वजन द्यायचे हे मात्र न्यायाधीशावर सोपवले आहे. घर आणि बँकेतली शिल्लक एवढाच पसारा असेल तर या मोकळिकीचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो संसारात एखादी आयटी कंपनी, फार्मसी, केअर होम किंवा दंतवैद्यकीचा दवाखाना असेल तेव्हा, कारण धंदा ही विकता येणारी मालमत्ता असतेच, शिवाय मुलांच्या खर्चाचे पैसेही त्यातूनच यायचे असतात.

माझ्या मते अशा प्रकरणांत बहुतेक जोडपी चुकीच्या प्रश्नावर पैसा घालवतात. कंपनीची किंमत नऊ लाख पौंड की अकरा लाख यावर वर्षभर पत्रापत्री चालते, आणि ती रक्कम कधी, कोणत्या वाटेने आणि किती कर भरून बाहेर पडणार हा प्रश्न शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणी विचारतच नाही. पुढील पायऱ्यांचा क्रम हे ध्यानात ठेवून लावला आहे.

आधी पाया तपासा : लग्न, न्यायालय आणि देश

येथे सांगितलेला कायदा इंग्लंड आणि वेल्सचा आहे. स्कॉटलंडमध्ये १९८५ चा वेगळा कायदा लागू होतो आणि त्याचे तर्कशास्त्रही वेगळे आहे, त्यामुळे एडिनबर्गमधल्या मित्राचा अनुभव स्लाऊ किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्याच्या कामी येत नाही.

दुसरी गोष्ट लग्नाची. भारतात हिंदू विवाह कायद्याप्रमाणे रीतसर झालेले लग्न इंग्लंडमध्ये सामान्यतः मान्य होते. पण इंग्लंडमध्येच हॉल घेऊन, भटजींकडून सप्तपदी करून लागलेले आणि रजिस्ट्रारकडे न नोंदलेले लग्न कायद्याच्या दृष्टीने बहुधा लग्नच ठरत नाही. अख्तर विरुद्ध खान या प्रकरणात २०२० मध्ये कोर्ट ऑफ अपीलने नोंदणीविना झालेल्या निकाहाबाबत हेच सांगितले. अशा जोडप्याला या लेखातले जवळजवळ कोणतेच अधिकार मिळत नाहीत, मग वीस वर्षांचा संसार का असेना.

भारतातही न्यायालयाचे दार उघडे असेल तर कोणत्या देशात अर्ज करायचा, हे दोन्हीकडच्या वकिलांना एकाच आठवड्यात विचारून ठरवावे. भारतात घटस्फोट होऊन गेला असला तरी इंग्लंडशी पुरेसा संबंध असणाऱ्या जोडीदाराला १९८४ च्या कायद्याच्या तिसऱ्या भागानुसार, न्यायालयाची परवानगी घेऊन, इथे आर्थिक दावा करता येतो. जो जोडीदार दुसऱ्याच्या आश्रित व्हिसावर आहे त्याने आपल्या वास्तव्याच्या हक्काचा सल्ला याच वेळी घ्यावा, कारण त्या प्रश्नाची मुदत वाटणीच्या दाव्यासाठी थांबत नाही.

घटस्फोटाचा अर्ज आणि पैशांचा दावा वेगळे ठेवा

६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये घटस्फोटासाठी कोणाचाही दोष सिद्ध करावा लागत नाही. लग्नाला एक वर्ष झालेले हवे. अर्ज एकट्याने किंवा दोघांनी मिळून करता येतो. अर्ज दाखल झाल्यापासून वीस आठवड्यांनी कंडिशनल ऑर्डर, म्हणजे सशर्त हुकूम, मागता येते आणि त्यानंतर सहा आठवडे व एक दिवस उलटला की लग्न संपवणारी फायनल ऑर्डर. पण या कागदांनी पैशांचा एकही प्रश्न सुटत नाही. त्यासाठी वेगळा हुकूम लागतो, आणि तो नसेल तर दावा वर्षानुवर्षे जिवंत राहतो. वायट विरुद्ध व्हिन्स या प्रकरणात घटस्फोट १९९२ मध्ये झाला होता. मधल्या काळात नवऱ्याने पवनऊर्जेची मोठी कंपनी उभी केली. पत्नीने २०११ मध्ये केलेला दावा पुढे चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मोकळीक दिली.

येथे दोन सापळे आहेत. वाटणीचा हुकूम होण्यापूर्वी फायनल ऑर्डर घेतली आणि मध्येच जोडीदाराचा मृत्यू झाला, तर विधवा किंवा विधुर म्हणून मिळणारे पेन्शनचे हक्क जाऊ शकतात. म्हणून फायनल ऑर्डर सहसा शेवटी मागावी. दुसरा सापळा पुनर्विवाहाचा. दावा दाखल न करता दुसरे लग्न केले, तर एकरकमी रक्कम आणि मालमत्ता मागण्याचा हक्क कायमचा संपतो.

पूर्ण माहिती : फॉर्म ई आणि त्यामागचे दप्तर

स्वेच्छेने समझोता करायचा असो की न्यायालयात जायचे असो, दोघांनीही जगभरातील आपली सर्व मालमत्ता, कर्जे आणि उत्पन्न उघड करणे बंधनकारक आहे. त्यासाठीचा नमुना म्हणजे फॉर्म ई. त्याला बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, धंद्याचे मागील दोन वर्षांचे हिशेब आणि पेन्शनची मूल्यपत्रे जोडावी लागतात. कंपनी असेल तर एवढ्यावर थांबू नये. चालू वर्षाचे मॅनेजमेंट अकाउंट्स, संचालकाचे कर्जखाते, भागधारकांमधला करार, कंपनीची घटना, बँकेला दिलेल्या वैयक्तिक हमी, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत शेअर कोणाच्या नावे फिरले असतील तर त्याची नोंद हेही मागवावे. संचालकाचे कर्जखाते फार बोलके असते. कंपनी मालकाला देणे लागत असेल तर ती रक्कम बहुधा विना आयकर बाहेर काढता येते, आणि मालक कंपनीला देणे लागत असेल तर घरातल्या शिलकीतून तेवढी वजावट होते.

भारतातले काही लपवू नये. कोथरूडचा फ्लॅट, भावासोबत सामाईक असलेली गावची जमीन, मुदत ठेवी, लॉकरमधले सोने, एकत्र कुटुंबाच्या नावे असलेली मिळकत, सगळे फॉर्म ईमध्ये लिहावे आणि त्यावरचे हक्काचे स्वरूप तेथेच स्पष्ट करावे. ‘ते आमच्या वडिलांचे आहे’ हा युक्तिवाद उघड केल्यानंतर करायचा असतो, लपवण्याचे कारण म्हणून नव्हे. माहिती दडवून मिळवलेला हुकूम पुढे रद्द होऊ शकतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शारलंड आणि गोहिल या दोन प्रकरणांत एकाच दिवशी ते दाखवून दिले. शारलंड प्रकरणात नवऱ्याने आपल्या सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर बाजारात आणण्याच्या हालचाली न्यायालयापासून दडवल्या होत्या.

समोरचा लपवतो आहे असा संशय आला तरी त्याचा लॅपटॉप उघडून कागद काढू नयेत. २०१० च्या इमरमन निकालानंतर अशी चोरटी कागदपत्रे परत करावी लागतात आणि उलट आपणच अडचणीत येतो. वाट आहे ती न्यायालयाकडे प्रश्नावली देण्याची. मालमत्ता हलवली जात असेल तर १९७३ च्या कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखाली तो व्यवहार रोखता किंवा उलटवता येतो.

वैवाहिक काय आणि बाहेरचे काय

निकालांच्या इतिहासातला मोठा टप्पा म्हणजे ऑक्टोबर २००० मधला व्हाइट विरुद्ध व्हाइट. सॉमरसेटमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ दोघांनी मिळून शेती केलेल्या या जोडप्याकडे सुमारे ४६ लाख पौंडांची मालमत्ता होती, आणि पहिल्या न्यायालयाने पत्नीच्या ‘वाजवी गरजा’ मोजून तिला त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास देऊ केले होते. तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की कमावणारा आणि घर सांभाळणारा यांत भेदभाव करता येणार नाही, आणि निकाल देण्यापूर्वी न्यायाधीशाने तो समान वाटणीच्या मापाशी ताडून पाहावा. २००६ च्या मिलर आणि मॅकफार्लेन निकालाने तीन सूत्रे ठरली : गरज, करिअर सोडल्याची भरपाई आणि वाटणी.

वाटणीचे सूत्र कोणत्या मालमत्तेला लागते, हे २ जुलै २०२५ च्या स्टॅंडिश निकालाने स्पष्ट झाले. नवऱ्याने करनियोजनासाठी २०१७ मध्ये पत्नीच्या नावे केलेले सुमारे ७ कोटी ७८ लाख पौंड केवळ नाव बदलल्याने वैवाहिक झाले नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. समान वाटणी होते ती फक्त वैवाहिक, म्हणजे संसाराच्या काळात दोघांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेची. लग्नाआधीचे, वारशाने आलेले किंवा बाहेरून भेट मिळालेले धन या सूत्राबाहेर राहते; मात्र जोडप्याने बराच काळ ते ‘दोघांचे’ म्हणून वागवले असेल तर ते आत येऊ शकते.

यातून प्रत्येक मालमत्तेसमोर तीन रकाने भरावेत : पैसा कोठून आला, कधी आला, आणि नंतर तो कसा वापरला गेला. लग्नाआधी सुरू झालेल्या धंद्यात हे काम नाजूक असते. लग्नाच्या दिवशीची किंमत, त्या बीजातून आपोआप झालेली वाढ आणि संसारकाळातल्या कष्टांची वाढ वेगळी काढावी लागते, आणि यासाठी न्यायालये एकच गणिती पद्धत वापरत नाहीत. सासरे किंवा वडिलांकडून घराच्या डिपॉझिटसाठी आलेले पैसे कर्ज की भेट, यावरही बरेच भांडण होते. लेखी करार, ठरलेली मुदत आणि प्रत्यक्ष परतफेड यांतले काहीच नसेल तर ते ‘मऊ’ कर्ज मानून हिशेबातून वगळले जाण्याची शक्यता मोठी.

आणि एक गोष्ट कठोरपणे लक्षात ठेवावी : गरजेपुढे ही सगळी वर्गवारी नमते. मुलांना छप्पर देण्यासाठी वैवाहिक मालमत्ता पुरत नसेल तर न्यायाधीश वारशाच्या पैशालाही हात घालतो. सामान्य मध्यमवर्गीय प्रकरणे प्रत्यक्षात गरजेवरच सुटतात. २०१० च्या राडमाखर निकालानंतर लग्नपूर्व करारालाही मोठे वजन मिळते, पण तोसुद्धा गरज ओलांडू शकत नाही.

धंद्याचे मूल्य

सहसा दोघांनी मिळून एकच तटस्थ तज्ज्ञ, म्हणजे सिंगल जॉइंट एक्सपर्ट, नेमावा. त्याला विचारायचे प्रश्न चार : पूर्ण कंपनीचे आणि संबंधित हिश्शाचे मूल्य, विक्री झाल्यास लागणारा कर, धंदा न मोडता बाहेर काढता येणारी रक्कम, आणि मालकाला पुढे टिकाऊपणे मिळू शकणारे उत्पन्न. पहिल्याच प्रश्नावर थांबणारी नेमणूक अपुरी असते.

एक काल्पनिक जोडपे घेऊ. दोघे पुण्याहून आलेले, दोन मुले, पत्नी एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, रुग्णालयीन फार्मासिस्ट, नवऱ्याने लग्नानंतर सुरू केलेली आयटी सेवा कंपनी पूर्णपणे त्याच्या नावे. कंपनी वर्षाला ३ लाख ५ हजार पौंड नफा दाखवते. पण कर वाचवण्यासाठी नवरा पगार नाममात्र घेतो. त्याच्या जागी बाहेरचा माणूस ठेवला तर वर्षाला आणखी ८० हजार मोजावे लागतील. म्हणून खरा टिकाऊ नफा २ लाख २५ हजार. तज्ज्ञाने चारचा गुणक, म्हणजे वार्षिक नफ्याची चौपट, धरला तर किंमत ९ लाख. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागेल. धंदा विकणाऱ्याला मिळणाऱ्या बिझनेस ॲसेट डिस्पोजल रिलीफ या करसवलतीचा दर एप्रिल २०२६ पासून १८ टक्के आहे आणि आयुष्यभराची मर्यादा १० लाख पौंडांची. ढोबळमानाने १ लाख ६२ हजार कर वजा जाऊन ७ लाख ३८ हजार उरतात.

गुणक चार ऐवजी पाच धरला की किंमत सव्वादोन लाखांनी उडी मारते, हे पाहिले म्हणजे या आकड्यावर किती विसंबावे ते कळते. खासगी कंपन्यांची मूल्यांकने भुसभुशीत असतात, असे कोर्ट ऑफ अपीलने २०१८ च्या व्हर्स्टीग निकालात सांगितले आहे. लोक बँकेतली शिल्लक आणि कंपनीचा अंदाज एकाच रकान्यात मांडून बेरीज करतात, तेव्हा तूप आणि दुधातल्या तुपाचा अंदाज एकाच तागडीत घालतात.

दोन बारकावे. अल्प हिस्सा असेल तर बाजारात त्याला प्रमाणशीर किंमत मिळत नाही, म्हणून सूट धरली जाते. कौटुंबिक भागीदारीसारख्या चालणाऱ्या कंपनीत ही सूट नाकारली जाऊ शकते. तसेच कंपनीच्या नफ्यावर किंमत काढायची आणि पुन्हा त्याच नफ्यातून आयुष्यभर पोटगी मागायची, ही दुहेरी मोजणी होते. तिच्याकडे दोन्ही बाजूंनी डोळसपणे पाहावे.

वाटणीचे आराखडे मांडा

त्याच जोडप्याकडे घराचे निव्वळ ४ लाख २० हजार, कोथरूडचा फ्लॅट १ लाख ६० हजार आणि बचत ७० हजार आहे असे धरू. कंपनीचे करोत्तर ७ लाख ३८ हजार मिळवून १३ लाख ८८ हजार होतात. निम्मे म्हणजे ६ लाख ९४ हजार.

पहिला आराखडा : पत्नीला घर, बचत आणि फ्लॅट मिळून ६ लाख ५० हजार, वर नवऱ्याकडून ४४ हजार, नवऱ्याला कंपनी. कागदावर समान आहे, पण एकीकडे विटा आणि रोकड, दुसरीकडे दोन मोठ्या ग्राहकांवर अवलंबून असलेली कंपनी. २००२ च्या वेल्स निकालापासून न्यायालये हेच बजावत आली आहेत की एकाला सगळी पक्की मालमत्ता आणि दुसऱ्याला सगळी जोखीम देणे न्याय्य नाही. जो पक्के घेतो त्याने त्याबदल्यात थोडे कमी घ्यावे.

दुसरा आराखडा : पत्नीला घर आणि बचत, म्हणजे ४ लाख ९० हजार, आणि उरलेले २ लाख ४ हजार चार वार्षिक हप्त्यांत. दरवर्षी ५१ हजार. ही रक्कम कंपनीतून लाभांश म्हणून काढायची तर त्यावर वरच्या दराने आयकर, शिवाय मुलांचा खर्च आणि स्वतःचे भाडे. हे झेपेल का, हे तज्ज्ञाच्या तिसऱ्या उत्तरावरून ठरते. हप्ते ठरवले तर घराबाहेरच्या एखाद्या मालमत्तेचे तारण, थकल्यास व्याज आणि कंपनी विकल्यास उरलेली सर्व रक्कम तत्काळ देय, अशी कलमे हवीतच.

तिसरा, आणि अनेकदा मला अधिक समजूतदार वाटणारा : पत्नीची निश्चित रक्कम थोडी कमी, पण ठराविक वर्षांत कंपनी विकली गेल्यास त्या पैशांत हिस्सा. यामुळे गुणकाचे भांडण बरेच निवळते. तोटा एवढाच की दोघांचे आर्थिक संबंध काही वर्षे तुटत नाहीत. पत्नीला कंपनीचे शेअर देऊन अल्पभागधारक बनवणे मात्र टाळावे. लाभांश द्यायचा की नाही हे नवराच ठरवणार असेल तर त्या शेअरची तिला शोभेपलीकडे किंमत नाही.

कंपनीच्या नावे घरे असतील तर ती थेट जोडीदाराला देता येतात का? २०१३ च्या प्रेस्ट निकालाने कंपनीचा पडदा, म्हणजे मालकापासूनचे तिचे वेगळे कायदेशीर अस्तित्व, सहजासहजी फाडता येत नाही असे सांगितले, पण त्याच प्रकरणात तेल व्यावसायिकाच्या कंपन्यांच्या नावावरची सात घरे प्रत्यक्षात त्याच्यासाठीच विश्वस्त म्हणून धरलेली आहेत असे मानून पत्नीला दिली. शेअर भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे असतील आणि खरा मालक कोण हा वाद असेल, तर त्या नातेवाइकाला प्रकरणात सामील करून तो प्रश्न आधी सोडवून घ्यावा.

पेन्शन या बेरजेत मिसळू नये. एनएचएसच्या पेन्शनचे कागदावरचे हस्तांतरमूल्य आणि तेवढीच रोकड यांची तुलना होत नाही. पेन्शनतज्ज्ञाचा अहवाल घेऊन पेन्शन शेअरिंग ऑर्डरने वेगळा हिशेब करावा. या जोडप्यात बहुधा पत्नीचेच पेन्शन मोठे निघेल, आणि ती बाब नवऱ्याच्या वकिलाने विसरता कामा नये.

कराची खिडकी

६ एप्रिल २०२३ पासून विभक्त जोडप्यांना सवलत वाढवून मिळाली आहे. विभक्त झालेले करवर्ष संपल्यानंतरची तीन करवर्षे एकमेकांना केलेल्या हस्तांतरणावर लगेच भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हस्तांतरण औपचारिक घटस्फोट कराराने किंवा न्यायालयाच्या हुकमाने होत असेल तर मुदतीची अटच नाही. कर माफ होत नाही, तर मूळ खरेदी किमतीसह तो घेणाऱ्याच्या डोक्यावर जातो. भारतातल्या मालमत्तेसाठी भारतीय सनदी लेखापालाचा सल्ला वेगळा घ्यावा. विक्रीचे पैसे अनिवासी भारतीयाच्या एनआरओ खात्यातून बाहेर पाठवण्यावर एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे.

समझोता आणि न्यायालय

न्यायालयात अर्ज करण्यापूर्वी मध्यस्थीची माहिती देणारी बैठक साधारणपणे बंधनकारक आहे, आणि एप्रिल २०२४ च्या नियमबदलांनंतर न्यायालयाबाहेरचे मार्ग विनाकारण नाकारणाऱ्यावर खर्चाचा बोजा पडू शकतो. अर्ज झालाच तर टप्पे तीन : पहिली तारीख, जिच्या किमान ३५ दिवस आधी फॉर्म ईची देवाणघेवाण होते, मग एफडीआर (फायनान्शियल डिस्प्यूट रिझोल्युशन), म्हणजे तडजोडीसाठीची सुनावणी, जिथे न्यायाधीश संभाव्य निकालाचा अंदाज सांगतो पण पुढे तो स्वतः हे प्रकरण चालवत नाही, आणि शेवटी साक्षीपुराव्यांची सुनावणी. धंद्याच्या प्रकरणांत पैसे देऊन अनुभवी वकिलाकडून खासगी एफडीआर करून घेणे मला अनेकदा परवडणारे वाटते, कारण त्या दिवशी समोरचा माणूस कागद वाचून बसलेला असतो.

समझोता झाला तर तो कन्सेन्ट ऑर्डरच्या रूपात न्यायाधीशाकडून मंजूर करून घ्यावा. कंडिशनल ऑर्डरपूर्वी ही मंजुरी मिळत नाही. हुकमात क्लीन ब्रेक (यापुढे एकमेकांवर आर्थिक दावा नाही), संचालकपदाचा राजीनामा, बँकेच्या हमीतून मुक्तता आणि संचालकाच्या कर्जखात्याचा निकाल ही कलमे आहेत का ते शब्दशः वाचावे. हमी काढून घेणे बँकेच्या हाती असते, म्हणून ती निघेपर्यंत नुकसानभरपाईची जबाबदारी कंपनी ठेवणाऱ्यावर टाकावी.

भारताकडचे टोक

इंग्लिश न्यायाधीश माणसाला हुकूम देऊ शकतो, पण साताऱ्याच्या सातबाऱ्यावरचे नाव बदलू शकत नाही. म्हणून भारतातली मालमत्ता जिच्या किंवा ज्याच्या माहेरची वा घराण्याची आहे त्याच्याकडे ठेवून इंग्लंडमधल्या मालमत्तेतून हिशेब जुळवणे जवळजवळ नेहमीच सोपे जाते.

घटस्फोटाच्या मान्यतेचा प्रश्नही येथे येतो. १९९१ च्या वाय. नरसिंह राव निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी घटस्फोट कधी मान्य होतील हे सांगितले आहे. ज्या कायद्याने लग्न झाले त्यातील कारणांवरच तो दिलेला असावा, हा मुख्य नियम. दुसऱ्या जोडीदाराची स्पष्ट संमती हा त्याला मान्य असलेला एक अपवाद. इंग्लंडचा दोषविरहित घटस्फोट एकतर्फी घेतला तर भारतात त्यावर बोट ठेवता येते. दोघांचे बोलणे सुरू असेल तर संयुक्त अर्ज करावा. ते शक्य नसेल तर संमती लेखी, स्वाक्षरीसह आणि न्यायालयाच्या दप्तरात जाईल अशी घ्यावी, आणि हुकमाच्या प्रमाणित प्रती व त्यांचे अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणीकरण) त्याच महिन्यात करून ठेवावेत. भारतातला फ्लॅट विकताना, बँकखात्याचे नामनिर्देशन बदलताना किंवा पुन्हा लग्नाची नोंदणी करताना ते कागद मागितले जातात.